एका आकड्याचा माग : इटलीच्या भाषाप्रश्नातून संशोधन आणि सादरीकरण

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• विस्तृत विषयातून अभ्यासयोग्य प्रश्न कसा निवडावा, हे सांगता येईल.
• प्राथमिक आणि दुय्यम साधनांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• एखाद्या प्रचलित विधानामागील आधार तपासता येईल.
• मर्यादित वेळेत आपला अभ्यास श्रोत्यांपुढे मांडता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, ‘इटलीची संस्कृती’ म्हटले की रोमचे भग्नावशेष, फ्लॉरेन्सची चित्रे आणि व्हेनिसचे कालवे आपल्या डोळ्यांपुढे येतात. मराठी वाचकाला इटली आणखी एका वाटेने परिचयाची आहे. वि. दा. सावरकर यांनी मॅझिनीच्या आत्मचरित्राचा आणि राजकीय लेखनाचा केलेला मराठी अनुवाद १९०७ साली प्रसिद्ध झाला. मॅझिनीने ज्या एकसंध इटलीचे स्वप्न पाहिले, ती १७ मार्च १८६१ रोजी राज्य म्हणून घोषित झाली. परंतु या नव्या राज्यातील माणसे एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलत होती?

प्रस्तुत लेखक अनेक वर्षे वर्गात या प्रश्नाचे एक ठरावीक उत्तर देत असे : “१८६१ साली इटलीतील शंभरांपैकी जेमतेम अडीच माणसांना इटालियन येत होते.” वाक्य परिणामकारक होते. विद्यार्थी ते लगेच टिपून घेत आणि परीक्षेत लिहीत. एका संपर्कसत्रात, नोकरी सांभाळून शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, हे मोजले कोणी? आणि उरलेली साडेसत्त्याण्णव माणसे काय बोलत होती?” त्या दिवशी दोन्ही प्रश्नांना माझ्यापाशी धड उत्तर नव्हते. आकडा मी एका ग्रंथातून घेतला होता. त्या ग्रंथकाराने तो दुसऱ्या ग्रंथातून घेतला होता. मूळ गणित मी पाहिलेच नव्हते.

या घटकात आपण तेच गणित शोधणार आहोत. संशोधनाची कौशल्ये नियम पाठ करून येत नाहीत. एखाद्या प्रश्नाचा शेवटपर्यंत माग काढताना ती अंगवळणी पडतात. म्हणून येथे एकच प्रश्न घेतला आहे आणि त्याच्या निमित्ताने संशोधनाचे व सादरीकरणाचे टप्पे समजावून दिले आहेत. या सर्व टप्प्यांवर एक साधा मराठी शब्द आपल्याला सोबत करील : ‘कशावरून?’

२. विषयाकडून प्रश्नाकडे

‘इटलीची संस्कृती’ हा विषय आहे, प्रश्न नाही. विषयावर माहिती गोळा करता येते. संशोधन मात्र प्रश्नाचेच होऊ शकते. नवख्या अभ्यासकाची पहिली चूक बहुधा येथेच होते. तो मोठा विषय घेतो, त्यावर बरीच माहिती जमवतो आणि शेवटी विश्वकोशातील नोंदीसारखा निबंध लिहितो. त्यात चुकीचे काही नसते, पण शोधलेलेही काही नसते.

या बाबतीत एका इटालियन प्राध्यापकाचाच ग्रंथ उपयोगी पडतो. बोलोन्या विद्यापीठात अध्यापन करणारे उम्बेर्तो एको यांनी १९७७ साली प्रबंधलेखनावर एक मार्गदर्शनपर पुस्तक लिहिले. त्याचा इंग्रजी अनुवाद २०१५ साली प्रसिद्ध झाला. विद्यापीठांची दारे समाजाच्या सर्व थरांना खुली होऊ लागल्याचा तो काळ होता. नोकरी करणारा, मोठ्या शहरापासून दूर राहणारा, ग्रंथालयासाठी मोजकाच वेळ असणारा विद्यार्थी एकोंच्या डोळ्यांपुढे होता. अशा विद्यार्थ्याला खरोखर काय साध्य होऊ शकते, हे पाहण्यासाठी ते आपल्या जन्मगावी, आलेस्सांद्रिया येथे, तेथील ग्रंथालयात तीन दुपारी जाऊन बसले. सतराव्या शतकातील इटालियन ग्रंथांमधील रूपकविचार हा काहीसा अवघड विषय त्यांनी मुद्दाम निवडला होता. लहान गावातील ग्रंथालयातूनही अभ्यासाचा भक्कम पाया घालता येतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. दूरशिक्षणाने शिकणाऱ्या आपल्यासाठी तो आश्वासक आहे.

विषयनिवडीसाठी एकोंनी सांगितलेल्या अटींचा आशय असा : विषय आपल्या आवडीचा असावा, त्याची साधने आपल्या आवाक्यात असावीत, ती साधने समजून घेण्याची आपली तयारी असावी, आणि अभ्यासपद्धती आपल्या अनुभवाला झेपणारी असावी. या अटी लावून आपला विषय टप्प्याटप्प्याने लहान करू. इटलीची संस्कृती; तीमधील भाषाजीवन; त्यातही एकीकरणाच्या काळातील भाषाजीवन; आणि शेवटी प्रश्न : ‘१८६१ साली किती लोकांना इटालियन येत होते, याबाबत अभ्यासकांत मतभेद का आहेत?’ या प्रश्नाचे उत्तर चुकू शकते आणि ते पुराव्याने तपासता येते. चांगल्या प्रश्नाची हीच ओळख होय.

तिसऱ्या अटीपाशी थोडे थांबले पाहिजे. परकीय लेखकावर प्रबंध लिहायचा असेल, तर त्याचे लेखन मूळ भाषेत वाचता आले पाहिजे, असा एकोंचा आग्रह आहे. आपल्यापैकी बहुतेकांना इटालियन येत नाही. मग हा अभ्यास सोडून द्यायचा का? तसे नाही, परंतु आपल्या दाव्याची उंची आपल्या साधनांच्या उंचीइतकीच ठेवली पाहिजे. ‘इंग्रजी व मराठी साधनांच्या आधारे’ हे शब्द आपल्या निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात यावेत. मर्यादा सांगितल्याने अभ्यास दुबळा ठरत नाही. लपवलेली मर्यादा उघडकीस आली की मात्र तो दुबळा ठरतो.

३. इटलीचा भाषाप्रश्न : धावती ओळख

प्रश्न हाती घेण्यापूर्वी त्याची पार्श्वभूमी ठाऊक हवी. इटलीत ‘भाषेचा प्रश्न’ ही शतकानुशतके चाललेली चर्चा आहे. दान्तेने चौदाव्या शतकाच्या आरंभी लोकभाषेच्या थोरवीविषयी एक ग्रंथ लिहायला घेतला. तो त्याने लॅटिनमध्ये लिहिला आणि अपुराच ठेवला. पुढे १५२५ साली पिएत्रो बेम्बो याने साहित्यभाषेसाठी चौदाव्या शतकातील फ्लॉरेन्सचा आदर्श पुरस्कारला : पद्यासाठी पेत्रार्क आणि गद्यासाठी बोकाच्चो. १५८३ साली फ्लॉरेन्समध्ये ‘आक्कादेमिया देल्ला क्रुस्का’ ही भाषासंस्था स्थापन झाली आणि १६१२ साली तिचा शब्दकोश व्हेनिसमध्ये छापला गेला. ‘क्रुस्का’ म्हणजे कोंडा. कोंडा चाळून पीठ वेगळे करावे, तसे उत्तम शब्द निवडून काढावेत, हा या नावामागील विचार. पीठ चाळण्याचे यंत्र हेच तिचे बोधचिन्ह आहे.

अशा रीतीने इटालियन ही दीर्घकाळ मुख्यतः लेखनाची भाषा राहिली. घरी, बाजारात, शेतावर माणसे आपापल्या प्रदेशाची भाषा बोलत : नेपल्समध्ये नापोलितान, व्हेनिसमध्ये व्हेनेतियन, सिसिलीत सिसिलियन. इटालियनमध्ये त्यांना ‘दियालेत्तो’ म्हणतात. मराठीत आपण त्याचे भाषांतर ‘बोली’ असे करतो आणि तेथेच घोटाळ्याला वाव मिळतो. या बोली प्रमाण इटालियनपासून फुटून निघालेल्या किंवा बिघडून तयार झालेल्या नाहीत. त्या लॅटिनपासून स्वतंत्रपणे विकसित झाल्या. प्रमाण इटालियनच्या त्या कन्या नसून भगिनी आहेत. पारिभाषिक शब्दाचे भाषांतर करताना मूळ संकल्पनेची व्याप्ती तपासावी, हा संशोधनाचा एक महत्त्वाचा धडा येथे मिळतो.

एकोणिसाव्या शतकात या चर्चेला राष्ट्रीय रूप आले. कादंबरीकार आलेस्सांद्रो मान्झोनी मिलानचे. त्यांच्या प्रसिद्ध कादंबरीची पहिली आवृत्ती १८२५ ते १८२७ या काळात निघाली. त्यानंतर ते फ्लॉरेन्सला गेले, तेथील सुशिक्षितांची जिवंत भाषा त्यांनी ऐकली आणि १८४० ते १८४२ या काळात त्याच कादंबरीची भाषिक दृष्टीने सुधारलेली आवृत्ती काढली. १८६८ साली शिक्षणमंत्र्यांना सादर केलेल्या अहवालात त्यांनी समकालीन फ्लॉरेन्सची भाषा शब्दकोश व शाळा यांच्या द्वारे देशभर पसरवावी, असे सुचवले. भाषाशास्त्रज्ञ ग्रात्सियादिओ इसाया आस्कोली यांनी १८७३ साली याला विरोध केला. एका शहराची बोली वरून लादून राष्ट्रभाषा घडत नाही. ज्ञान आणि शिक्षण समाजात खोलवर पसरले की समान भाषा आपोआप आकार घेते, असे त्यांचे प्रतिपादन होते. घरची बोली आणि शिक्षणाची भाषा अशा दोन्ही भाषांत वाढणारे मूल बौद्धिक दृष्ट्या लाभाच्या स्थितीत असते, असेही त्यांनी नोंदवले.

४. साधनांची पारख

संशोधनाची साधने दोन प्रकारची असतात. ज्या काळाचा वा व्यक्तीचा अभ्यास करायचा, तिच्याकडून थेट आलेले साधन प्राथमिक होय : जनगणनेचे अहवाल, पत्रे, आत्मचरित्रे, मान्झोनींचा अहवाल. त्यांच्यावर इतरांनी केलेले लेखन दुय्यम होय. ‘दुय्यम’ म्हणजे कमी दर्जाचे नव्हे. केवळ एक पायरी दूरचे. दुय्यम साधने वाचल्यावाचून अभ्यासाला दिशा मिळत नाही. पण त्यांच्यावरच थांबल्यास चूक एका हातातून दुसऱ्या हातात तशीच पुढे जाते.

याचे उत्तम उदाहरण राजकारणी व लेखक मास्सिमो दाझेल्यो यांचे आहे. इटलीच्या इतिहासावरील असंख्य लेखांत त्यांच्या तोंडी एक वाक्य घातलेले आढळते. त्याचा आशय असा : इटली तर आपण घडवली, आता इटालियन माणसे घडवायची आहेत. हे वाक्य ज्या शब्दांत सर्वत्र उद्धृत होते, त्या शब्दांत ते त्यांच्या आठवणींच्या ग्रंथात आढळत नाही. हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १८६७ साली प्रसिद्ध झाला. या विचाराच्या जवळ जाणारे लेखन त्यात आहे. सुबक घोषवाक्य मात्र नंतरच्या काळात घडले. म्हणजे विचार दाझेल्योंचा, शब्द परंपरेचे. निबंधात आपण हे वाक्य अवतरणचिन्हांत त्यांच्या नावावर टाकले, तर नकळत एक चूक पुढे चालवली, असे होईल.

आंतरजालामुळे ही अडचण वाढली आहे. एखादे विधान दहा ठिकाणी आढळले म्हणजे त्याला दहा पुरावे मिळाले, असे आपल्याला वाटते. वास्तविक ती दहाही ठिकाणे एकाच ग्रंथावर अवलंबून असू शकतात. साक्षीदार दहा असले तरी सर्वांनी एकाच माणसाकडून ऐकले असेल, तर साक्ष एकच ठरते. म्हणून प्रत्येक साधनापाशी तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी सांगितले? त्याला ते कसे कळले? आणि ते सांगताना त्याला काय सिद्ध करायचे होते? क्रुस्काची चाळणी प्रत्येक अभ्यासकाने स्वतःपाशी बाळगावी, ती अशी.

५. आकड्याचा माग

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अडीच टक्के हा आकडा भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांचा आहे. एकीकरणोत्तर इटलीचा भाषिक इतिहास सांगणारा त्यांचा ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला. ‘तुम्हाला इटालियन येते का?’ असे १८६१ साली कोणी घरोघर जाऊन विचारले नव्हते. दे माउरो यांनी शिक्षणाविषयीच्या उपलब्ध आकडेवारीवरून अनुमान केले.

त्यांचा तर्क पुढीलप्रमाणे होता. सुमारे तीन-चतुर्थांश लोक निरक्षर होते. केवळ प्राथमिक शाळेत गेलेल्यांनाही इटालियन येत असे, असे गृहीत धरता येत नाही. कारण अनेक शाळांत शिक्षकही स्थानिक बोलीतच शिकवत. म्हणून प्राथमिक शिक्षणाच्या पुढे गेलेले लोक तेवढेच मोजावेत. त्यांची संख्या सुमारे १,६०,००० भरली. तस्कनी प्रदेश आणि रोम शहर येथील बोली मात्र साहित्यिक इटालियनला जवळच्या होत्या. तेथे नुसती साक्षरता पुरेशी मानून तस्कनीतील सुमारे ४,००,००० आणि रोममधील सुमारे ७०,००० लोक मोजले. तिन्हींची बेरीज ६,३०,००० होते. अडीच कोटींच्या घरातील लोकसंख्येत हे प्रमाण सुमारे अडीच टक्के पडते.

गणित उघड झाले की त्यावर विचार करता येतो. उदाहरणार्थ, रोम इटलीच्या राज्यात सामील झाले १८७० साली. तरीही त्याची लोकसंख्या या हिशेबात आहे. म्हणजे आकड्यातील ‘इटली’ ही १८६१ च्या राज्यापेक्षा मोठी आहे. ही चूक नव्हे; पण ‘१८६१ च्या इटलीत’ असे लिहिताना आपल्याला त्याची जाणीव हवी.

याहून महत्त्वाचा आक्षेप आर्रिगो कास्तेल्लानी यांनी १९८२ साली घेतला. तस्कनीतील निरक्षर शेतकरी जे बोलतो, ते जर साहित्यिक इटालियनच्या इतके निकट आहे, तर लिहिता येत नाही एवढ्याच कारणाने त्याला इटालियन येत नाही असे कसे म्हणता येईल? तस्कनीची लोकसंख्या वीस लाखांच्या जवळपास होती. ती सगळी मोजली तर केवळ तेवढ्यानेच आठ टक्के होतात. त्यात मध्य इटलीतील जवळच्या बोली बोलणारे काही लोक आणि इतरत्रचे सुशिक्षित मिळवले, की प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास जाते.

काळ एकच, देश एकच, अभ्यासक दोघेही नामवंत. तरी एकाचे उत्तर दुसऱ्याच्या चौपट! येथे गोंधळून जाण्याचे कारण नाही. मतभेद बेरजेत नसून ‘भाषा येणे’ या शब्दांच्या अर्थात आहे. दे माउरो यांच्या दृष्टीने शिक्षणातून मिळवलेली भाषा महत्त्वाची आहे; कास्तेल्लानी यांच्या दृष्टीने जन्माने लाभलेली भाषाही तितकीच महत्त्वाची आहे. ‘कोणता आकडा खरा?’ हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. ‘कोणत्या व्याख्येनुसार कोणता आकडा?’ हा खरा प्रश्न.

या व्याख्येवर बरेच काही अवलंबून असते. अडीच टक्के ऐकल्यावर श्रोत्याच्या मनात उरलेल्या माणसांचे चित्र भाषाहीन, अडाणी असे उभे राहते. प्रत्यक्षात त्या प्रत्येकाला एक संपूर्ण भाषा येत होती. तीत तो हिशेब करी, भांडे, गाणी गाई आणि मुले वाढवी. येत नव्हती ती राज्यकारभाराची आणि शाळेची भाषा. ‘माझे मराठी शुद्ध नाही’ असे संकोचाने सांगणारे वऱ्हाडी वा अहिराणी घरांतील विद्यार्थी प्रत्येक संपर्कसत्रात भेटतात. मोजणी करणारा कोणती व्याख्या वापरतो यावर कोणाला भाषा ‘येते’ हे ठरते, एवढे या इटालियन वादातून त्यांना समजले, तरी हा अभ्यास सार्थकी लागला असे म्हणता येईल.

६. टिपणांची शिस्त

वाचन कितीही झाले तरी टिपणे नीट नसतील, तर लिहिताना ते हाती लागत नाही. प्रत्येक टिपण स्वतंत्र कागदावर वा वहीच्या स्वतंत्र पानावर करावे आणि त्यात चार गोष्टी असाव्यात.

(अ) लेखक, ग्रंथ, वर्ष आणि पृष्ठ यांची नोंद. ती नंतर करू असे म्हटल्यास बहुधा राहून जाते.
(आ) आशय आपल्या शब्दांत. मूळ वाक्य जसेच्या तसे घेतले असेल, तर त्याच क्षणी अवतरणचिन्हे द्यावीत. चिन्हे राहून गेली, की दोन महिन्यांनी ते वाक्य आपलेच वाटू लागते आणि न ठरवता वाङ्मयचौर्य घडते.
(इ) आपली शंका वा मत वेगळ्या रंगाच्या शाईने.
(ई) माहिती कोणाच्या आधारे घेतली, तो दुवा. दे माउरो यांचे गणित आपण एखाद्या इंग्रजी ग्रंथातून घेतले असेल, तर ‘दे माउरो म्हणतात’ असे न लिहिता ‘दे माउरो यांचा हिशेब अमुक ग्रंथात उद्धृत केला आहे’ असे लिहावे.

एकोंनी आपल्या पुस्तकात छायाप्रतींच्या मोहाविषयी सावध केले आहे. शेकडो पानांच्या प्रती जवळ बाळगल्या की ती पाने वाचल्याचे खोटे समाधान मिळते. आज छायाप्रतीची जागा मोबाईलमध्ये काढलेल्या छायाचित्रांनी घेतली आहे. समाधान मात्र तेच आहे. जेवढे वाचून टिपले, तेवढेच आपले.

७. सादरीकरण

इटलीतील विद्यापीठांत मौखिक परीक्षेची परंपरा दृढ आहे. अनेक विषयांची परीक्षा प्राध्यापकासमोर बसून, प्रश्नोत्तरांच्या रूपाने होते. गुण तीसपैकी दिले जातात आणि उत्तीर्ण होण्यासाठी अठरा लागतात. शेवटी विद्यार्थी आपल्या प्रबंधावर परीक्षक-मंडळापुढे चर्चा करतो आणि एकशे दहापैकी गुण मिळवतो. या प्रसंगाला ते प्रबंधाची ‘चर्चा’ म्हणतात, ‘वाचन’ म्हणत नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. लिहिलेले वाचून दाखवणे म्हणजे सादरीकरण नव्हे. आपण ज्या वाटेने निष्कर्षापर्यंत आलो, त्या वाटेने श्रोत्याला नेणे म्हणजे सादरीकरण.

आपल्याला पंधरा मिनिटे दिली आहेत असे समजू. त्यांची विभागणी अशी करता येईल. पहिल्या दोन मिनिटांत प्रश्न मांडावा. स्वतःचा परिचय आणि आभार यांत ती खर्च करू नयेत. पुढील तीन मिनिटांत पार्श्वभूमी द्यावी. दान्तेपासून आस्कोलीपर्यंतचे सर्व सांगण्याचा मोह आवरून श्रोत्याला गणित समजण्यापुरतेच सांगावे. त्यानंतरची पाच मिनिटे दोन्ही हिशेबांना द्यावीत. फळ्यावर दोन रकाने आखून एकात दे माउरो यांची बेरीज, दुसऱ्यात कास्तेल्लानी यांची भर लिहावी. श्रोत्यांसमोर बेरीज केली की ती त्यांचीही होते. पुढील तीन मिनिटांत मतभेदाचा अर्थ आणि शेवटच्या दोन मिनिटांत अभ्यासाच्या मर्यादा सांगाव्यात.

आलेख दाखवताना विशेष दक्षता घ्यावी. इटलीच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या २०१५ च्या पाहणीनुसार, सहा वर्षे व त्यापुढील वयाच्या लोकांपैकी ४५.९ टक्के लोक घरात मुख्यतः इटालियन बोलतात, ३२.२ टक्के इटालियन व बोली दोन्ही वापरतात आणि १४ टक्के मुख्यतः बोली वापरतात. १८६१ चे २.५ आणि २०१५ चे ४५.९ हे दोन बिंदू रेषेने जोडून ‘इटालियनची वाढ’ असा आलेख काढणे फार सोपे आहे आणि ते चूक आहे. पहिला आकडा ‘येते का’ याचे अनुमान आहे. दुसरा ‘घरात काय बोलता’ याचे उत्तर आहे. २०१५ साली घरी बोली बोलणाऱ्या बहुसंख्य लोकांना इटालियनही उत्तम येते. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे एका रेषेवर मांडली, की आकडे खरे असूनही आलेख खोटा ठरतो.

परक्या विषयात श्रोत्याला जवळचा धागा दिला, तर त्याचे लक्ष टिकते. मात्र तो धागा खरा असावा. फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती हा १५८० च्या दशकात कोचीन व गोवा येथे राहिला आणि १५८८ साली गोव्यात मरण पावला. मायदेशी पाठवलेल्या पत्रांत त्याने संस्कृत आणि आपल्या भाषेतील काही शब्दांच्या, विशेषतः संख्यावाचकांच्या साम्याची नोंद केली. इटालियन ‘सेत्ते, ओत्तो, नोवे’ ऐकल्यावर मराठी श्रोत्याला ‘सात, आठ, नऊ’ आठवतील आणि सभागृहात हालचाल होईल. परंतु येथेच संयम हवा. सास्सेत्तीने साम्य नोंदवले. त्या साम्याची उपपत्ती सांगणारा सिद्धान्त मांडला नाही. त्याला तुलनात्मक भाषाशास्त्राचा जनक म्हणून टाळ्या मिळवता येतील, पण ‘कशावरून?’ या पहिल्याच प्रश्नाला उत्तर देता येणार नाही.

प्रश्नोत्तरांची धास्ती अनेकांना वाटते. प्रौढ विद्यार्थ्यांना ती अधिक वाटते. इतक्या वर्षांनी पुन्हा वर्गासमोर उभे राहायचे असते. प्रश्न पूर्ण ऐकावा, तो आपल्या शब्दांत पुन्हा सांगावा आणि मग उत्तर द्यावे. उत्तर ठाऊक नसेल, तर ‘हे मी तपासलेले नाही; ते अमुक साधनात पाहावे लागेल’ असे सांगावे. ही शरणागती नव्हे. कोठे पाहायचे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने अभ्यास केला आहे, हे परीक्षकाला तत्काळ कळते. प्रस्तुत लेखकाने त्या संपर्कसत्रात एवढे जरी म्हटले असते, तरी पुरे होते.

इटलीतील भाषाप्रसाराच्या कथेत प्रौढ विद्यार्थ्यांनाही एक स्थान आहे. इटलीत दूरचित्रवाणीचे नियमित प्रसारण ३ जानेवारी १९५४ रोजी सुरू झाले. १९६० ते १९६८ या काळात आल्बेर्तो मान्झी या शिक्षकाने निरक्षर प्रौढांसाठी एक कार्यक्रम चालवला. खेड्यापाड्यांतून माणसे ठरलेल्या ठिकाणी जमत आणि पडद्यावरील शिक्षकाकडून लिहायला-वाचायला शिकत. कार्यक्रमाच्या नावाचा अर्थ ‘कधीच फार उशीर झालेला नसतो’ असा होता. हेही दूरशिक्षणच होते. एकोणिसाव्या शतकात मान्झोनी आणि आस्कोली ज्या समान भाषेसाठी वाद घालत होते, ती पुढे शाळा, स्थलांतर, लष्करी सेवा, वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी अशा अनेक वाटांनी घरोघर पोहोचली.

८. सारांश

विस्तृत विषयाला मर्यादित, तपासता येण्याजोग्या प्रश्नाचे रूप देणे ही संशोधनाची पहिली पायरी होय. प्राथमिक व दुय्यम साधनांतील अंतर ओळखले, की दाझेल्यो यांच्या नावावरील वाक्यासारख्या प्रचलित चुका टाळता येतात. आकडा हा नेहमी एखाद्या व्याख्येवर उभा असतो. दे माउरो यांचे अडीच टक्के आणि कास्तेल्लानी यांचे दहा टक्के यांतील अंतर ‘भाषा येणे’ या संकल्पनेच्या दोन व्याख्यांतील अंतर आहे. टिपणांत आधार, आशय आणि स्वतःचे मत वेगवेगळे ठेवावेत. सादरीकरणात निष्कर्षाइतकेच त्या निष्कर्षापर्यंतच्या वाटेला महत्त्व असते आणि मर्यादा सांगणे हा त्या वाटेचाच भाग असतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘इटलीतील बोली’ असा शब्दप्रयोग करताना मराठी अभ्यासकाने कोणती दक्षता घ्यावी?
२. दे माउरो यांनी तस्कनी व रोम येथील लोकांसाठी वेगळा निकष का लावला? कास्तेल्लानी यांचा त्यावरील आक्षेप स्पष्ट करा.
३. मान्झोनी व आस्कोली यांच्या भूमिकांतील फरक आपल्या शब्दांत लिहा.
४. १८६१ आणि २०१५ येथील आकडे एकाच आलेखात जोडणे का अयोग्य आहे?

उपक्रम

आपल्या परिसरातील भाषेविषयी नेहमी ऐकू येणारे एक विधान निवडा. उदाहरणार्थ, ‘आमच्याकडची बोली आता कोणी बोलत नाही.’ या विधानातील ‘बोलणे’ आणि ‘कोणी’ या शब्दांची प्रत्येकी एक व्याख्या ठरवा. त्यानुसार आपल्या घरातील व शेजारील दहा व्यक्तींना दोन प्रश्न विचारा : ‘तुम्हाला ही बोली येते का?’ आणि ‘घरात तुम्ही मुख्यतः काय बोलता?’ दोन्ही उत्तरांचे स्वतंत्र तक्ते करा. दोन तक्त्यांत अंतर का पडले, हे पाच मिनिटांत अभ्यासकेंद्रातील सहाध्यायींपुढे मांडा. दहा व्यक्तींच्या आधारे काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हे शेवटच्या मिनिटात सांगण्यास विसरू नका.